टायफॉईडचा जंतू लॅबमध्ये ओळखतात कसा?

जुलै-ऑगस्टमध्ये तापाने फणफणलेला माणूस दवाखान्यात येतो, तेव्हा त्या तापामागे निदान चार अगदी वेगळ्या प्रकारचे जीव असू शकतात. मलेरियाचा परजीवी, डेंग्यूचा विषाणू, लेप्टोस्पायरोसिसचा पिळदार जिवाणू आणि टायफॉईडचा, म्हणजे आपल्या जुन्या मुदतीच्या तापाचा जिवाणू. पहिले दोन-तीन दिवस चौघांचीही लक्षणं जवळपास सारखीच: ताप, डोकेदुखी, अंग मोडून येणं, अन्नावरची वासना उडणं. नुसतं तपासून यातला नेमका कोण, हे भल्याभल्या डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

हे चौघे आपल्यापर्यंत येतात वेगवेगळ्या वाटांनी आणि सापडतातही वेगवेगळ्या रीतीने. मलेरियाचा परजीवी ॲनोफिलिस डासाच्या मादीकडून येतो आणि तांबड्या रक्तपेशीत शिरून बसतो. म्हणून रक्ताचा थेंब काचेवर पसरून, रंगवून पाहिला की तो पेशीच्या आत चक्क दिसतो. डेंग्यूचा विषाणू एडिस डासाकडून येतो. तो साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसण्याइतका मोठा नाही आणि जिवंत पेशीबाहेर वाढतही नाही, म्हणून पहिल्या चार-पाच दिवसांत रक्तात एनएस-वन हे त्याचं प्रथिन शोधतात. लेप्टो येतो उंदरांच्या मुतातून, साचलेल्या पाण्यातून चालताना पायाच्या जखमेवाटे. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईकरांना हे नाव पाठ झालं. तो जिवाणूच आहे, पण इतका बारीक की नेहमीच्या रंगांनी दिसत नाही, आणि लॅबमध्ये वाढायला आठवडे घेतो. राहिला टायफॉईड. तो पाण्यातून आणि अन्नातून येतो. याला रक्तातून बाहेर काढता येतं, बशीत वाढवता येतं, नावानिशी ओळखता येतं आणि वर कोणत्या औषधाने मरतो तेही दोन-चार दिवसांत तपासता येतं. एवढी सोय असूनही आपल्याकडे टायफॉईडचं निदान बहुतेक वेळा भलत्याच टेस्टवर होतं, ही गोष्ट मला फार खटकते. म्हणून हा लेख.

टायफॉईडच्या जिवाणूचं नाव साल्मोनेला टायफी. त्याला राहायला फक्त माणूस चालतो. कोंबडी, गाय, उंदीर यांच्यात तो घर करत नाही. याचा अर्थ असा, की टायफॉईडचा प्रत्येक रुग्ण दुसऱ्या कुठल्यातरी माणसाच्या विष्ठेतून आलेला जंतू गिळूनच आजारी पडलेला असतो. वाचायला किळस येते, पण यात आशाही आहे. सांडपाणी आणि पिण्याचं पाणी एकमेकांपासून पक्कं तोडलं की या रोगाची वाटच बंद होते. युरोप-अमेरिकेतल्या शहरांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाणी गाळून आणि क्लोरीन घालून द्यायला लागल्यावर टायफॉईड झपाट्याने ओसरला. त्यावरचं पहिलं परिणामकारक अँटिबायोटिक, क्लोरॅम्फेनिकॉल, १९४८ मध्ये आलं. म्हणजे बरंचसं काम त्याआधीच प्लंबरांनी केलेलं होतं.

आपल्याकडे ही वाट उघडी राहते ती बहुतेकदा नळाच्या पाइपमध्ये. दिवसातून एक-दोन तास पाणी येतं. तेवढा वेळ पाइपमध्ये दाब असतो, फट असलीच तर पाणी आतून बाहेर गळतं. पाणी गेलं की दाब जातो, आणि शेजारून गटार वाहत असेल तर उलटा प्रकार होतो: बाहेरची घाण त्याच फटीतून आत ओढली जाते. दुसऱ्या दिवशी पहिल्या धारेबरोबर ती हंड्यात येते. एखाद्या गल्लीत एकाच आठवड्यात पाच-सहा घरांत टायफॉईड निघाला, तर पाणीपुरीवाल्याकडे बोट दाखवण्याआधी पाइपलाइन तपासायला हवी.

आणि पाणीपुरीच असेल, तरी ती कालची नसते. गिळलेल्या जंतूंपैकी बरेच जठरातल्या आम्लात मरतात. जे उरतात ते लहान आतड्याच्या अस्तरातून आत शिरतात. तिथे आपल्या पांढऱ्या पेशी त्यांना गिळतात, पण टायफी त्या पेशींच्या पोटात मरत नाही. तो तिथेच वाढतो आणि त्याच पेशींबरोबर यकृत, प्लीहा, अस्थिमज्जा अशा ठिकाणी पोहोचतो. हे सगळं साधारण एक ते दोन आठवडे बिनबोभाट चालतं. मग जंतू मोठ्या प्रमाणावर रक्तात उतरतात आणि ताप चढायला लागतो. म्हणून आज ताप आला तर कालच्या जेवणावर खापर फोडण्यात अर्थ नाही. दहा-बारा दिवस मागे जाऊन आठवावं लागतं.

आता रक्ताचं बघू. "मोठ्या प्रमाणावर" म्हटलं, तरी टायफॉईडच्या रुग्णाच्या एक मिलिलिटर रक्तात सरासरी एखादाच जिवंत जंतू असतो, कधी त्याहूनही कमी. या एका आकड्यात पुढची सगळी कहाणी आहे. थेंबभर रक्त काचेवर घेऊन टायफी दिसणार नाही. दोन मिलिलिटर रक्त काढलं तर कदाचित त्यात एकही नसेल. म्हणूनच कल्चरसाठी, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून पाहण्यासाठी, मोठ्या माणसाचं आठ-दहा मिलिलिटर रक्त एका बाटलीत घेतात, आणि शक्य असेल तर दुसऱ्या हातातून दुसरी बाटली. "एवढं रक्त कशाला?" असं नातेवाईक विचारतात, काही जण चिडतातही. त्यांना हा आकडा सांगितला की पटतं.

आणि म्हणूनच रक्त अँटिबायोटिकच्या आधी द्यायचं. ज्या रक्तात मुळात दहाबारा जंतू हाती लागायचे, त्यात गोळीचे दोन डोस गेले की जिवंत असा एखादाच उरतो, किंवा तोही नाही. ताप पूर्ण गेलेला नसतो, आजार आतल्या पेशींत शाबूत असतो, पण बाटलीत काहीच वाढत नाही. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्यांचं हे सगळ्यात मोठं नुकसान आहे. आजार अर्धवट दबतो आणि त्याला ओळखण्याची संधी हातची जाते.

बाटलीत पोषक द्रव असतो, रक्ताच्या पाच ते दहा पट. तो नुसतं खाद्य पुरवत नाही. रक्तात जंतूंना मारणारे जे घटक असतात, त्यांना पातळ करून त्यांचा जोरही कमी करतो. बाटली ३७ अंशांवर, म्हणजे आपल्या अंगाच्या उष्णतेवर ठेवतात. ती फ्रिजमध्ये ठेवायची नसते. हे मुद्दाम लिहिलं, कारण रात्री काढलेलं रक्त "खराब होऊ नये म्हणून" फ्रिजमध्ये ठेवलेलं सर्रास आढळतं. अनुकूल परिस्थितीत जंतू साधारण अर्ध्या तासात दुप्पट होतो असं धरलं, तर एकाचे दहा तासांत दहा लाखांवर जातात. मोठ्या लॅबमध्ये बाटल्या यंत्रात असतात. जंतू वाढताना कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्याने बाटलीच्या तळाशी असलेल्या चकतीचा रंग बदलतो आणि यंत्र वाजतं. टायफी असेल तर बहुतेक वेळा हे पहिल्या एक-दोन दिवसांतच घडतं. तरीही बाटली पाच दिवस ठेवूनच "वाढ नाही" असा रिपोर्ट देतात.

बाटली वाजली म्हणजे टायफॉईडच असं नाही. आपल्या कातडीवर निरुपद्रवी जिवाणूंची वस्ती असते. सुई टोचताना जागा नीट पुसली नसेल, पुसलेली जागा वाळू दिली नसेल, तर ते सुईबरोबर बाटलीत जातात आणि तिथे मजेत वाढतात. दोन हातांच्या दोन बाटल्यांचा उपयोग इथेही होतो. कातडीवरचा जंतू बहुधा एकाच बाटलीत निघतो; खरा आजार असेल तर दोन्हींत निघण्याची शक्यता जास्त.

बाटली वाजल्यावर पहिलं काम ग्रॅम रंगाचं. हान्स क्रिस्टियान ग्रॅम या डॅनिश डॉक्टरने १८८४ मध्ये बर्लिनमध्ये ही पद्धत शोधली, न्यूमोनियाने गेलेल्या रुग्णांच्या फुफ्फुसात जंतू दिसावेत म्हणून. आजही जगातल्या कुठल्याही लॅबमध्ये दिवसाची सुरुवात याच रंगाने होते. बाटलीतला थेंब काचपट्टीवर पसरतात, वाळवतात, ज्योतीवरून फिरवून चिकटवतात. त्यावर जांभळा क्रिस्टल व्हायोलेट मिनिटभर, मग धुऊन आयोडीन मिनिटभर. या घडीला काचेवरचं सगळंच जांभळं असतं. मग येते कसोटी: अल्कोहोल किंवा ॲसिटोन, फक्त काही सेकंद. ज्या जिवाणूंची भिंत जाड असते ते जांभळा रंग सोडत नाहीत. ज्यांची भिंत पातळ आणि वर स्निग्ध पडदा असतो, त्यांचा पडदा विरघळतो आणि रंग वाहून जातो. शेवटी तांबूस सॅफ्रानिन घातलं की रंग गेलेले गुलाबी दिसतात. जांभळे ते ग्रॅम-पॉझिटिव्ह, गुलाबी ते ग्रॅम-निगेटिव्ह. सगळी मदार त्या मधल्या काही सेकंदांवर. अल्कोहोल जास्त वेळ राहिलं तर जांभळेही गुलाबी होतात, कमी राहिलं तर गुलाबीही जांभळे दिसतात. हात बसायला वेळ लागतो, आणि म्हणूनच रोज ओळखीच्या जंतूंवर रंग तपासून घ्यायचा असतो.

काचेवर तेलाचा थेंब टाकून हजारपट मोठं करून पाहिलं, की टायफी दिसतो: गुलाबी, आखूड, काडीसारखा, दोन-तीन मायक्रॉन लांब. खटका इथेच आहे. आतड्यात राहणारा इ. कोलाय हा जिवाणूही असाच दिसतो. क्लेबसिएला हा आणखी एक जिवाणूही जवळपास असाच. रूपावरून कातडीवरचे गोल जांभळे जंतू लगेच बाजूला काढता येतात, पण गुलाबी काड्यांमधला टायफी कोणता, हे जगातला कुठलाही तज्ज्ञ नुसतं बघून सांगू शकणार नाही. मात्र "ग्रॅम-निगेटिव्ह काड्या दिसल्या" एवढा फोनसुद्धा डॉक्टरांना मोलाचा असतो. औषधाची निवड तेवढ्यावरही पुष्कळ नेमकी होते.

पुढची ओळख रूपावर नसते, खाण्यावर असते. बाटलीतला थेंब मॅकॉन्की अगर नावाच्या बशीवर रेघा ओढत पसरतात. अगर म्हणजे समुद्री शेवाळातून काढलेला तोच पदार्थ, जो आपल्या किराणा दुकानात चायना ग्रास म्हणून मिळतो. रॉबर्ट कॉख या जर्मन जंतुशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत आधी बटाट्याच्या कापांवर आणि जिलेटिनवर जंतू वाढवत. जिलेटिन ३७ अंशांना वितळायचं आणि काही जंतू तर तेच खाऊन टाकायचे. वॉल्टर हेस या सहकाऱ्याच्या पत्नी फॅनी हेस स्वयंपाकात जेलीसाठी अगर वापरत. त्यांनी ते सुचवलं आणि प्रश्न मिटला. मला हे नाव आवर्जून सांगावंसं वाटतं, कारण त्या बशीला १८८७ मध्ये बशी बनवणाऱ्या पेट्रींचं नाव मिळालं, आणि जिच्यामुळे बशीत काही टिकलं ती बाई पुस्तकांत क्वचितच दिसते.

मॅकॉन्कीमध्ये पित्तक्षार असतात, दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज असते आणि आम्ल झालं की गुलाबी होणारा रंग असतो. पित्तक्षारांमुळे कातडीवरचे जंतू वाढतच नाहीत. आतड्यातले मात्र पित्ताला सरावलेले, ते आरामात वाढतात. इ. कोलाय आणि क्लेबसिएला लॅक्टोज खाऊन आम्ल करतात, त्यांच्या वसाहती, म्हणजे बशीवर वाढलेले जंतूंचे ठिपके, गुलाबी येतात. टायफीला लॅक्टोज खाता येत नाही. त्याच्या वसाहती फिकट, जवळपास बिनरंगी. सकाळी बशी उजेडात धरली आणि गुलाबीऐवजी हे पारदर्शक ठिपके दिसले, की लॅबमध्ये सगळे सावध होतात.

पण लॅक्टोज न खाणारे आणखीही आहेत. म्हणून तिरप्या गोठवलेल्या एका नळीत, टीएसआयमध्ये, वसाहतीचा कण सुईने खोलवर टोचतात आणि वरच्या उतारावर रेघ ओढतात. नळीत तीन साखरा, लोखंडाचा क्षार आणि रंग बदलणारं द्रव्य असतं. दुसऱ्या दिवशी इ. कोलायची नळी वर-खाली सगळी पिवळी झालेली असते आणि आत वायू झाल्याने अगर फाटून वर उचललेलं असतं. टायफीची नळी खाली पिवळी, वर लाल, वायू अजिबात नाही. आणि जिथे दोन रंग भेटतात तिथे काजळाची बारीक रेघ ओढावी तसा काळा पट्टा. टायफी थोडासा हायड्रोजन सल्फाइड करतो आणि तो लोखंडाशी मिळून काळा होतो, त्याची ती रेघ. जोडीला युरिया, सिट्रेट, इंडोल अशा छोट्या चाचण्या असतात आणि टायफी त्या तिन्हींत निगेटिव्ह येतो. एकेका चाचणीला काही अर्थ नसतो. सगळ्यांची जुळणी झाली तरच नाव घ्यायचं.

शेवटचं शिक्कामोर्तब प्रतिद्रव्यांनी, म्हणजे जंतूविरुद्ध शरीर जी प्रथिनं बनवतं त्यांनी. काचेवर वसाहतीचा कण खारट पाण्यात कालवतात आणि त्यात टायफीविरुद्धची प्रतिद्रव्यं असलेल्या सीरमचा, म्हणजे रक्तातल्या पेशीविरहित द्रवाचा, थेंब मिसळतात. टायफी असेल तर मिनिटाच्या आत दूध फाटतं तशा गुठळ्या होतात. कधी कधी बाकी सगळं जुळतं, पण गुठळ्याच होत नाहीत. टायफीच्या अंगावर 'व्हीआय' नावाचं एक आवरण असतं, ते आतली खूण झाकून टाकतं. मग ते मिश्रण उकळायचं, आवरण काढायचं आणि पुन्हा बघायचं. आता मोठ्या लॅबमध्ये माल्डी-टॉफ नावाचं यंत्र वसाहतीतल्या प्रथिनांवरून काही मिनिटांत जंतूचं नाव सांगतं, पण तेही "साल्मोनेला" इथवरच खात्रीने सांगतं. टायफी म्हणायला अजूनही हा सीरमचा थेंबच लागतो.

या सगळ्याबरोबरच औषधांची परीक्षा चालू असते. जंतू बशीभर सारखा पसरून त्यावर वेगवेगळ्या अँटिबायोटिकच्या कागदी चकत्या ठेवतात. ज्या चकतीभोवती मोठं वर्तुळ मोकळं राहतं, ते औषध त्याला मारतं. भारतातल्या बहुतेक टायफीवर सिप्रोफ्लॉक्सासिनचा गट आता भरवशाचा राहिलेला नाही. पाकिस्तानातल्या सिंधमध्ये २०१६ पासून सेफ्ट्रियाक्सोन या इंजेक्शनलाही न जुमानणारा टायफी पसरला. रिपोर्टमधल्या 'एस' (औषध लागू पडतं) आणि 'आर' (जंतू औषधाला जुमानत नाही) या अक्षरांची किंमत यातून कळावी. मात्र तो रिपोर्ट स्वतः वाचून औषध निवडू नका. जेंटामायसिनसारखी औषधं बशीत टायफीला सहज मारतात, पण शरीरात तो पेशींच्या आत लपलेला असतो, तिथे ती पोहोचत नाहीत. आणखी एक: बरोबर औषध सुरू झालं तरी ताप उतरायला चार-पाच दिवस लागतात. दुसऱ्याच दिवशी डॉक्टर बदलू नयेत.

आता विडाल, म्हणजे सुरुवातीला म्हटलेली ती भलतीच टेस्ट. फर्नांड विडाल यांनी १८९६ मध्ये पॅरिसमध्ये ही टेस्ट मांडली. ती वरच्या गुठळ्यांच्या टेस्टची उलटी बाजू आहे. तिथे जंतू अनोळखी आणि सीरम माहितीचं. इथे जंतू माहितीचा, आणि रुग्णाच्या सीरममध्ये त्याच्याविरुद्ध प्रतिद्रव्यं आहेत का ते बघायचं. त्या काळी ही मोठीच झेप होती. पण प्रतिद्रव्यं जंतूची साक्ष आहेत, जंतू नव्हेत. ती बनायला आठवडाभर लागतो, म्हणून तापाच्या तिसऱ्या दिवशी केलेली विडाल खऱ्या टायफॉईडमध्येही निगेटिव्ह येऊ शकते. उलट, जिथे लहानपणापासून असलं पाणी पोटात गेलेलं असतं, तिथे धडधाकट माणसाचीही 'टीओ १:८०' (म्हणजे सीरम ऐंशी पट पातळ केलं तरी गुठळ्या होतात) सहज येते. मलेरियासारख्या दुसऱ्या तापातही ती खोटी वाढते. दहा दिवसांच्या अंतराने दोनदा करून चौपट वाढ दिसली तर तिला काही अर्थ. एकदाच केलेल्या विडालवर दोन आठवड्यांचं अँटिबायोटिक चालू करणं हा अंदाजाचा मामला आहे. "मला दरवर्षी टायफॉईड होतो" म्हणणाऱ्या पुष्कळ जणांच्या फायलीत एकही कल्चर नसतं, नुसत्या विडाल असतात. त्यांचा ताप दरवर्षी कशाने येतो, हे कुणी शोधलेलंच नसतं.

कल्चरही परिपूर्ण नाही, हे सांगायलाच हवं. खऱ्या टायफॉईडच्या दहा रुग्णांपैकी साधारण सहा जणांतच रक्ताच्या कल्चरमध्ये जंतू निघतो. अस्थिमज्जेचं कल्चर याहून सरस, पण त्यासाठी हाडात सुई घालावी लागते, म्हणून ते क्वचितच करतात. तेव्हा कल्चर निगेटिव्ह आलं म्हणून टायफॉईड नाहीच, असं म्हणता येत नाही. डॉक्टर बाकीची चिन्हं बघून ठरवतात. पॉझिटिव्ह आलं, तर मात्र शंकेला जागा उरत नाही.

बरे झालेल्यांपैकी काही थोड्या जणांच्या पित्ताशयात, विशेषतः तिथे खडे असतील तर, टायफी वर्षानुवर्षं टिकून राहतो. पित्ताला सरावलेला असण्याचा हा दुसरा परिणाम. माणूस ठणठणीत असतो आणि शौचावाटे जंतू जात राहतात. न्यूयॉर्कची स्वयंपाकीण मेरी मॅलन अशीच होती. १९०७ मध्ये तिला प्रथम अलग ठेवलं, पुढे सोडलं, १९१५ मध्ये ती एका प्रसूतिगृहात स्वयंपाक करताना सापडली आणि १९३८ मध्ये मरेपर्यंत एका बेटावर अलग राहिली. तेव्हा तिच्यावर औषध नव्हतं, आज आहे. म्हणून टायफॉईड होऊन गेलेल्या आणि खानावळीत, मेसमध्ये काम करणाऱ्या माणसाची विष्ठा पुन्हा कल्चरला पाठवून खात्री करायची असते. यात त्याचा अपमान नाही, त्याच्या हातचं खाणाऱ्यांची काळजी आहे.

लसीचंही सांगायला हवं. वर ज्या व्हीआय आवरणाचा उल्लेख आला, त्याच आवरणाला एक प्रथिन जोडून नवी लस बनते. ती भारतातच तयार होते आणि सहा महिन्यांच्या बाळापासून देता येते. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये ९ महिने ते १४ वर्षे वयाच्या एक लाखाहून जास्त मुलांना ती मोहीम काढून दिली. नेपाळ, बांगलादेश आणि मलावीतल्या चाचण्यांत तिने साधारण ८० टक्के संरक्षण दिलं. मात्र टायफॉईडसारखाच ताप आणणारा पॅराटायफी-ए हा भाऊबंद त्याच पाण्यातून येतो, आणि त्याच्या अंगावर हे आवरण नसतं, त्यामुळे लस त्याला अडवत नाही. लस घेतलेल्या मुलाचाही ताप तीन-चार दिवसांत हटला नाही, तर डॉक्टरांना विचारा: अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी ब्लड कल्चर पाठवायचं का?